विश्लेषण : मधुमेहाची सुरुवात जन्माआधीच? पुण्याजवळच्या सहा गावांनी काय दाखवले आणि कुंभारीसाठी त्याचा अर्थ काय?

सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरचे कुंभारी हे दक्षिण सोलापूर तालुक्यातील गाव आता केवळ गाव राहिलेले नाही. २००६ मध्ये येथे गोदूताई परुळेकर वसाहतीतील १० हजार घरकुले विडी कामगार महिलांना मिळाली. १९ जानेवारी २०२४ रोजी रे नगर वसाहतीतील ३० हजारांपैकी पहिल्या १५ हजार घरांचे हस्तांतरण झाले. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरावेचक, फेरीवाले अशी हातावर पोट असलेली हजारो कुटुंबे येथे आहेत. गावातच ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालयही आहे.

या वसाहतींतील एखाद्या तरुणीला दिवस गेले की यंत्रणा हलते. आशाताई नाव नोंदवतात, रक्त तपासले जाते, लोहाच्या गोळ्या मिळतात. हे सारे गरजेचेच आहे. मात्र गेल्या तीन दशकांतील संशोधन सांगते, की नाव नोंदवले जाईपर्यंत बाळाच्या शरीराची काही महत्त्वाची कामे उरकलेली असतात. या संशोधनाचा मोठा भाग परदेशात नव्हे, तर महाराष्ट्रातच झाला आहे.

ही कल्पना आली कुठून?

मधुमेह आणि हृदयविकार हे खाणे, व्यायाम, ताण आणि आनुवंशिकतेचे आजार मानले जातात. ब्रिटिश डॉक्टर डेव्हिड बार्कर यांनी १९८०च्या दशकात त्यात आणखी एक कारण जोडले. इंग्लंडमधील हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून सुईणी आणि परिचारिका प्रत्येक बाळाचे जन्माचे आणि पहिल्या वाढदिवसाचे वजन नोंदवहीत लिहून ठेवत. बार्कर यांच्या गटाने त्या जुन्या वह्या शोधून काढल्या आणि पाच हजारांहून अधिक पुरुषांचे पुढे काय झाले हे तपासले. लहानपणी ज्यांचे वजन सर्वांत कमी होते, त्यांच्यात हृदयविकाराने मृत्यूचे प्रमाण सर्वाधिक होते.

दुसरा पुरावा नेदरलँड्सचा. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे तेथील शहरांत दुष्काळ पडला. माणशी दिवसाचे रेशन हजार कॅलरींच्याही खाली गेले. त्या काळात पोटात असलेली मुले पन्नाशीत पोहोचल्यावर तपासली, तेव्हा त्यांच्या रक्तातील साखर इतरांपेक्षा जास्त आढळली. गर्भारपणाच्या सुरुवातीलाच उपासमार झाली आणि नंतर अन्न मिळाले, अशा मातांच्या बाळांचे जन्मवजन फारसे कमी नव्हते. तरीही त्यांच्यात पुढे हृदयविकार जास्त दिसला. म्हणजे बाळाचे वजन ठीक आहे, एवढ्यावरून सारे ठीक आहे असे म्हणता येत नाही.

पुण्याजवळच्या सहा गावांत काय आढळले?

भारतात या प्रश्नाचा पाठपुरावा पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. १९९३ मध्ये 'पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी' हा अभ्यास पुण्याजवळच्या सहा गावांत सुरू झाला. त्याचे वेगळेपण असे, की दोन हजारांहून अधिक विवाहित महिलांची मोजमापे दिवस जाण्याआधीच घेतली गेली. नंतर त्यांचे गर्भारपण, बाळंतपण आणि पुढे ही मुले मोठी होईपर्यंतचा प्रवास नोंदवला गेला.

या माता सरासरी २१ वर्षांच्या होत्या. उंची १५२ सेंटीमीटर आणि वजन जेमतेम ४२ किलो. पूर्ण दिवसांच्या बाळांचे सरासरी जन्मवजन होते सुमारे २.७ किलो. तुलनेसाठी इंग्लंडमधील साउथॅम्प्टनची बाळे घेतली होती. त्यांचे वजन साडेतीन किलोच्या आसपास होते. ग्रामीण महाराष्ट्रातील बाळ जन्मालाच सुमारे ८०० ग्रॅमने मागे होते.

बाळ हडकुळे असेल तर चरबीही तेवढीच कमी असायला हवी. प्रत्यक्षात ही बाळे स्नायूंनी आणि पोटातील अवयवांच्या आकाराने बरीच मागे होती. त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. वजनाने कृश, पण शरीराच्या घडणीत चरबीचा वाटा जास्त. जगभरच्या संशोधनात हे 'थिन-फॅट' भारतीय बाळ म्हणून ओळखले जाते.

मोठेपणी याचा अर्थ काय होतो, हे डॉ. याज्ञिक यांनी २००४ मध्ये एका छायाचित्रातून दाखवले. 'लॅन्सेट'मध्ये त्यांचे आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी-शेजारी छापले गेले. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. काट्यावर सडसडीत दिसणाऱ्या भारतीयाला मधुमेह का होतो, याचे एक उत्तर या दोन आकड्यांत आहे.

ती मुले १८ वर्षांची झाली तेव्हा?

सहा गावांतील मुलांची वयाच्या १८ व्या वर्षी तपासणी झाली. त्यांतील जवळपास निम्मी मुले-मुली कमी वजनाची होती. तरीही सुमारे ३७ टक्के मुलांमध्ये आणि १८ टक्के मुलींमध्ये रक्तातील साखर सामान्यपेक्षा जास्त आढळली. ज्यांची पोटात असताना वाढ कमी झाली होती आणि ज्यांची उपाशीपोटीची साखर लहानपणापासून जास्त होती, त्यांच्यात हा धोका अधिक दिसला.

'जाड माणसाला मधुमेह होतो' हे समीकरण इथे लागू पडत नाही. इन्सुलिन तयार करणाऱ्या स्वादुपिंडातील पेशींची जडणघडण गर्भातच सुरू होते. कच्चा माल तुटपुंजा असेल, तर शरीर मेंदूला आधी देते आणि स्वादुपिंड, मूत्रपिंड, स्नायू यांच्या वाट्याला कमी येते. मूत्रपिंडातील गाळण्या, म्हणजे नेफ्रॉन, गर्भारपणाच्या साधारण ३६ व्या आठवड्यापर्यंत तयार होतात. त्यानंतर नव्या तयार होत नाहीत. जेवढ्या घेऊन बाळ जन्मते, तेवढ्यांवर आयुष्य काढावे लागते.

अशा शरीराला पुढे भरपूर साखर, तेल आणि बैठे जीवन मिळाले, की यंत्रणेवर ताण येतो. पुण्यातीलच आणखी एका अभ्यासात आठ वर्षांच्या मुलांची तपासणी झाली होती. जन्मतः वजन कमी आणि आठव्या वर्षी वजन जास्त, अशा मुलांमध्ये इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक होती. खेड्यातून शहरात आणि शेतमजुरीतून बैठ्या कामात गेलेल्या कुटुंबांसाठी हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे.

मग दोन भाकरी जास्त खाल्ल्या की झाले?

नाही. सहा गावांतील मातांच्या आहाराचा हिशेब मांडला, तेव्हा एकूण कॅलरी किंवा प्रथिने आणि बाळाचा आकार यांचा ठळक संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध किती वेळा खाल्ले-प्यायले जाते याच्याशी. हे पदार्थ वारंवार खाणाऱ्या मातांची बाळे आकाराने मोठी होती. पाणी वाहणे, शेतात राबणे अशी अंगमेहनतीची कामे जास्त करणाऱ्या मातांची बाळे मात्र लहान होती.

म्हणजे पोट भरणे आणि पोषण होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी यांतून ऊर्जा मिळते, काही प्रथिनेही मिळतात. पण ताटात मेथी, शेपू, चाकवत, अंबाडी, शेवग्याचा पाला नसेल, दूध फक्त चहापुरते असेल आणि फळ फक्त आजारपणात येत असेल, तर लोह, फोलेट, कॅल्शियम, जीवनसत्त्व अ आणि ब१२ यांची उणीव राहते.

ब१२ ची चर्चा इतकी का?

याच अभ्यासात सुमारे दोनतृतीयांश मातांच्या रक्तात ब१२ कमी आढळले. हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मासे आणि मांसातून मिळते, वनस्पतींतून नाही. परवडत नाही म्हणून किंवा परंपरेमुळे जे हे पदार्थ खात नाहीत, त्यांच्यात उणीव ठरलेलीच. फोलेट आणि ब१२ ही जोडगोळी आहे. पेशींची वाढ होताना कोणते जनुक चालू राहील आणि कोणते बंद, हे ठरवणाऱ्या रासायनिक खुणांसाठी दोन्ही लागतात. ज्या मातांचे ब१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचे प्रमाण सर्वाधिक होते.

याचा अर्थ फोलिक अॅसिडची गोळी बंद करावी, असा अजिबात नाही. बाळाच्या मेंदू-मज्जारज्जूतील व्यंग टाळण्यासाठी ती आवश्यक आहे. अर्थ एवढाच, की ब१२ कडेही पाहायला हवे. २०१२ पासून याच गावांतील किशोरवयीन मुलामुलींना रोज अल्प मात्रेत ब१२ देण्याचा 'प्रिया' नावाचा प्रयोग झाला. पोटात असताना ज्या बाळांचा अभ्यास सुरू झाला, ती आई-वडील होण्याआधीच पुढच्या पिढीची तयारी करावी, ही त्यामागची कल्पना होती.

गर्भधारणेआधीची वेळच का महत्त्वाची?

कारण कॅलेंडर. गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांच्या आत बाळाची मज्जानलिका मिटते. त्या वेळी अनेकींना पाळी चुकल्याचेही लक्षात आलेले नसते. दुसऱ्या महिन्यात हृदय, यकृत, मूत्रपिंड यांची पायाभरणी होते. आपल्याकडे नाव नोंदणी आणि लोहाच्या गोळ्या येतात त्या यानंतर. सुरुवातीचे आठवडे शरीर आधी साठवलेल्या पुंजीवर चालते. ती पुंजी लग्नाआधीच्या, शाळेच्या वयातल्या जेवणातून जमलेली असते.

आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिच्या अंडाशयात तिची सर्व बीजांडे तयार होतात. म्हणजे आज जन्मलेले बाळ ज्या बीजांडापासून बनले, ते त्याच्या आजीच्या गर्भारपणात तयार झाले होते.

मुंबईतील प्रयोगाने काय सांगितले?

निरीक्षणावरून कारण सिद्ध होत नाही, त्यासाठी प्रयोग लागतो. तो मुंबईच्या झोपडपट्ट्यांत झाला. डॉ. रमेश पोतदार, ब्रिटनच्या डॉ. कॅरोलिन फॉल आणि सहकाऱ्यांनी २००६ पासून साडेसहा हजार महिलांचे दोन गट केले. एका गटाला पालेभाजी, फळे आणि दूध घातलेला खाऊ रोज दिला, दुसऱ्याला बटाटा-कांद्यासारख्या कमी पोषक भाज्यांचा. हा खाऊ दिवस जाण्याआधीपासून बाळंतपणापर्यंत, केंद्रात येऊन समोर बसून खायचा होता.

निकाल संमिश्र होता. सर्व महिला धरल्या तर जन्मवजनातील फरक अवघा २६ ग्रॅमचा होता आणि तो संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. ज्यांनी गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधी खाऊ सुरू केला, त्यांच्या बाळांत तो ४८ ग्रॅम होता. मात्र हा फायदा ज्यांचे वजन मुळात बरे होते त्यांच्यात दिसला. सर्वांत हडकुळ्या महिलांच्या बाळांचे वजन वाढले नाही. दुसरीकडे, गर्भारपणातील मधुमेहाचे प्रमाण १२.४ टक्क्यांवरून ७.३ टक्के एवढे कमी दिसले. यातून निघणारा धडा असा : आहार बदलल्याने फरक पडतो, पण वर्षानुवर्षांची उपासमार काही महिन्यांच्या खाऊने भरून निघत नाही.

विडी आणि मशेरीचा काय संबंध?

कुंभारीसाठी हा भाग वेगळा सांगायला हवा. विडी वळणारी महिला सुपात पान-तंबाखू घेऊन तासन् तास बसते. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. त्यामुळे जेवणाची वेळ पुढे ढकलली जाते आणि भूक चहावर भागवली जाते. तंबाखूची धूळ घरातच, स्वयंपाकाच्या जागी उडते. त्यात मशेरीची सवय असेल तर धोका वाढतो. मुंबईत १,२१७ गर्भवतींवर झालेला अभ्यास २००४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. धूरविरहित तंबाखू, मुख्यतः मशेरी, वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी होते आणि ती सुमारे सहा दिवस आधी जन्मली. मुंबईच्या पोषक खाऊने मिळालेल्या वजनाच्या कितीतरी पट हे नुकसान आहे. 'दात घासायला लागते' म्हणून मशेरीकडे दुर्लक्ष करणे महागात पडते.

सरकारी योजना कुठे पोहोचतात, कुठे नाही?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. २०.८ टक्के महिलांचा बीएमआय १८.५ पेक्षा कमी आहे, तर २३.४ टक्के महिला जास्त वजनाच्या आहेत. उपासमार आणि लठ्ठपणा एकाच राज्यात, अनेकदा एकाच घरात आहेत.

गर्भवतींसाठी योजना आहेत. अंगणवाडीतून घरी नेण्याचा आहार मिळतो. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५ हजार आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६ हजार रुपये मिळतात. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गर्भवतींची मोफत तपासणी होते.

पोकळी आहे ती त्याआधी. शाळेतील मुलींना आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते. दहावीनंतर शाळा सुटून विडीच्या सुपापुढे बसलेली मुलगी या साखळीतून निसटते. १४ ते १८ वयाच्या मुलींसाठीची केंद्राची पोषण योजना ईशान्येकडील राज्ये वगळता फक्त आकांक्षित जिल्ह्यांत आहे. महाराष्ट्रात असे चार जिल्हे आहेत : नंदुरबार, वाशिम, गडचिरोली आणि धाराशिव. सोलापूरच्या शेजारचा जिल्हा यादीत आहे, सोलापूर नाही.

घरी काय करता येईल?

- वजन मोजा, बीएमआय काढा. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागा. उंची १५० सेंटीमीटर आणि वजन ४० किलो असेल तर उत्तर १७.८ येते, म्हणजे कमी. बाळाचा विचार करण्याआधी वजन वाढवायला किमान काही महिने द्या.
- हिमोग्लोबिन तपासा. रक्तक्षय असेल तर आधी तो भरून काढा. ब१२ ची शंका असल्यास डॉक्टरांना विचारा.
- फोलिक अॅसिड आधीपासून. मूल हवे असे ठरवल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी सुरू करा, पाळी चुकण्याची वाट पाहू नका.
- रोज तीन गोष्टी ताटात. एक पालेभाजी, एक फळ (पेरू, चिकू, केळे, हंगामात डाळिंब) आणि कपभर दूध किंवा दही. चालत असेल तर अंडे.
- लोहाची गोळी चहा, दूध किंवा कॅल्शियमसोबत नको. लिंबूपाण्यासोबत घेतल्यास लोह चांगले शोषले जाते. गोळीने शौचास काळी झाली तर घाबरून ती बंद करू नका.
- 'कमी खा, म्हणजे बाळंतपण सोपे जाईल' हा सल्ला सोडा. आयसीएमआरच्या शिफारशीनुसार गर्भारपणात रोज सुमारे ३५० कॅलरी जास्त लागतात.
- साखरेची तपासणी दोनदा. पहिल्या भेटीत आणि २४ ते २८ व्या आठवड्यात. हडकुळ्या महिलेलाही गर्भारपणात मधुमेह होऊ शकतो.
- मशेरी, तंबाखू पूर्ण बंद. गर्भारपणात विडी वळण्याचे काम टाळता येत नसेल, तर निदान ते स्वयंपाकाच्या जागेपासून दूर आणि मोकळ्या हवेत करावे, खाण्याआधी हात साबणाने धुवावेत.

म्हणजे दोष आईचा आणि मुलाचे नशीब ठरलेले?

दोन्ही नाही. आईचे ४२ किलो वजन ही तिची निवड नसते. तिला लहानपणी काय मिळाले, लग्न कोणत्या वयात झाले, घरात सर्वांचे झाल्यावर ती जेवते का, हजार विड्यांमागे हातात किती पडते, यांतून ते वजन ठरते. म्हणून हा सल्ला केवळ सुनेसाठी नाही. नवरा, सासू आणि वडील यांच्यासाठीही आहे. घरात दूध-अंडी कोणाच्या वाट्याला येतात, हे तेच ठरवतात.

गर्भात घडलेली गोष्ट धोका वाढवते, निकाल लावत नाही. सहा महिने निव्वळ स्तनपान, त्यानंतर वरचा सकस आहार, बारीक मुलाला पुढे पुड्यातल्या खाऊने 'गुटगुटीत' करण्याचा मोह टाळणे, खेळ आणि तरुणपणीच साखर-रक्तदाबाची तपासणी, यांनी धोका कमी करता येतो. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. एवढ्यांवर आयुष्यभर उपचार करण्याचा खर्च कोणत्याही कुटुंबाला आणि सरकारला जड आहे.

कुंभारीच्या घरकुलांत आज जी मुलगी १५ वर्षांची आहे, ती पुढील सात-आठ वर्षांत बहुधा आई झालेली असेल. तिच्या बाळाच्या तब्येतीची तयारी करण्याची वेळ आत्ताची आहे. मात्र ती गर्भवती नाही, लहान बाळ नाही आणि बहुतेकदा शाळेतही नाही, म्हणून कोणत्याच रजिस्टरमध्ये तिचे नाव नाही. तिचे वजन, हिमोग्लोबिन आणि ताटातले दूध-भाजी-फळ यांची नोंद सुरू करणे, हे अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र आणि गावातील वैद्यकीय महाविद्यालयाला मिळून करण्याजोगे काम आहे.